फॅनने लिहिलेलं मॉड्यूल छापायच्या आधी: टेबलटॉप आरपीजीसाठी दर्जाच्या पायऱ्या

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन, फासे टाकत खेळायची गोष्ट, आणि मॉड्यूल म्हणजे त्या खेळासाठी लिहिलेलं तयार कथानक. मॉड्यूल चांगलं आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो. ज्या डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) ते लिहिलेलं नाही, त्याला लेखकाला एकही व्हॉट्सअ‍ॅप न करता ते रविवारी दुपारी चालवता येतं का? चित्रं, मुखपृष्ठ, राक्षसांची लांबलचक यादी, सगळं नंतर. लेखक स्वतः डीएम असतो तेव्हा मॉड्यूल छानच चालतं, कारण अर्धं मॉड्यूल त्याच्या डोक्यात असतं. ते डोकं फाइलबरोबर विकत मिळत नाही.

‘फॅनने केलंय, सांभाळून घ्या’ ही सबब मला पटत नाही. फुकट वाटलं तरी चार माणसांची एक अख्खी संध्याकाळ आपण मागत असतो. मुंबईत तर डोंबिवली आणि विरारहून दादरला जमवलेली संध्याकाळ.

उदाहरणासाठी एक मनातलं मॉड्यूल धरू: ‘बंद गिरणीचा भोंगा’. डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, तिसऱ्या लेव्हलचे चार खेळाडू, १९२४ चा पावसाळा, जादू चालणारं गिरणगाव. त्या वर्षाच्या सुरुवातीला बोनसवरून गिरणी कामगारांचा मोठा संप खरोखर झाला होता. आपल्या कथेतली गिरणी त्यानंतर उघडलीच नाही, तरी पहाटे तिचा भोंगा वाजतो.

पहिली पायरी: परवाना आधी, कथानक नंतर

उलट क्रमाने गेलात तर अख्खं मॉड्यूल लिहून झाल्यावर कळतं की मुख्य खलनायक दुसऱ्याच्या मालकीचा आहे.

पाचव्या आवृत्तीसाठी वाटा तीन. पहिली एसआरडीची, म्हणजे इतरांना वापरायला खुल्या केलेल्या मूळ नियमांच्या दस्तऐवजाची. जानेवारी २०२३ मध्ये ओजीएल या जुन्या परवान्यावरून मोठा गदारोळ झाला आणि महिन्याच्या शेवटी खेळाची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० परवान्याखाली खुलं केलं. नव्या नियमांचं ५.२ एप्रिल २०२५ मध्ये त्याच परवान्याखाली आलं. यातलं काहीही वापरा, बदला, भाषांतर करा, विका. अट श्रेयनामावलीची. ते वाक्य एसआरडीतच छापलेलं आहे. ते इंग्रजीत, जसंच्या तसं श्रेयपानावर टाका, स्वतःची कलाकुसर नको. ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ असं मुखपृष्ठावर म्हणता येतं, पण डीअँडडीचा लोगो लावता येत नाही. आणि एसआरडी म्हणजे मॉन्स्टर मॅन्युअल, कंपनीचं राक्षसांचं पुस्तक, नव्हे. बीहोल्डर, माइंड फ्लेयर यांचे स्टॅट ब्लॉक (राक्षसाच्या आकड्यांचे तक्ते) त्यात नाहीत, म्हणजे ते तुमचेही नाहीत.

दुसरी वाट डीएम्स गिल्ड या ऑनलाइन दुकानाची, २०१६ पासूनची. तिथे फरगॉटन रेल्म्ससारखी कंपनीची जगं आणि राक्षस वापरायची मुभा आहे. बदल्यात विक्रीतला निम्मा वाटा तुमचा, निम्मा त्यांचा, आणि तिथे टाकलेलं दुसरीकडे विकता येत नाही. शिवाय तुम्ही त्यात घातलेलं स्वतःचं जग तिथल्या इतर लेखकांनाही वापरता येतं. गिरणगावाचं आख्खं विश्व मनाशी रचत बसला असाल तर ते तिथे नेऊ नका.

तिसरी वाट कंपनीच्या फॅन कंटेंट धोरणाची. ती निव्वळ फुकट वाटपासाठी आहे. पैसे घ्यायचे नाहीत, आणि हे अधिकृत नाही असं सांगणारी त्यांची ओळ छापायची. कॉल ऑफ क्थुलू या दुसऱ्या आरपीजीसाठी केऑसियम कंपनीचा मिस्काटॉनिक रिपॉझिटरी हा वेगळा कार्यक्रम आहे. त्याचे नियम त्यांच्या पानावरूनच वाचा, मित्राने सांगितलेले नकोत.

मराठी लेखकांसाठी आणखी एक कोपरा. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. नाथमाधव १९२८ मध्ये गेले. त्यांची पात्रं, त्यांचे भुयारी किल्ले खुशाल उचला. नारायण धारप २००८ मध्ये गेले. त्यांचं पात्र नाव बदलून आणलंत तरी वाचक दुसऱ्या पानावर ओळखतो, आणि हक्कदारही. खेळाच्या निव्वळ नियमांवर, कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती मांडलेल्या शब्दांवर असते. पण ही रेघ कुठे संपते हे फॅनने कोर्टात जाऊन तपासावं असं मला वाटत नाही.

दुसरी पायरी: डीएमपासून रहस्य लपवू नका

फॅन मॉड्यूलमधला सगळ्यात सर्रास दिसणारा दोष हाच. लेखकाला कादंबरी लिहायची असते, म्हणून भोंगा कोण वाजवतो हे तो विसाव्या पानावर उघड करतो. तोवर डीएमने टेबलावर मुकादमाला सज्जन करून ठेवलेलं असतं.

पहिल्या पानावर, अर्ध्या पानात, सगळं सांगून टाका: काय घडलं, कुणी केलं, आता त्याला काय हवंय, खेळाडूंनी काहीच केलं नाही तर काय होईल. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. आपल्या उदाहरणात: संपाच्या काळात मुकादम सदाशिवने साचेखात्यात (मागांच्या विभागात) एक कामगार कोंडला, तो मेला, आता त्याचं पिशाच्च पहाटे भोंगा वाजवून पाळीला माणसं बोलावतं, दर पहाटे चाळीतला एक जण झोपेत चालत गिरणीत जातो. चौथ्या पहाटे सदाशिवचा मुलगा जाईल. एवढं कळलं की डीएम खेळाडूंनी कुठलाही वेडेपणा केला तरी गोष्ट सावरू शकतो.

त्याच पानावर पात्रांची यादी. प्रत्येकाला एक ओळ: नाव, काय हवंय, काय लपवतोय, कसा बोलतो. ‘सखूबाई, खानावळवाली. उधारी वसूल करायची आहे. रात्री कोण चालत जातं ते तिने पाहिलंय. प्रत्येक वाक्याला “माझ्या नावाचा उल्लेख नको हं” म्हणते.’ यावर डीएम पात्र उभं करू शकतो. तिचं माहेर आणि लग्नाचं वर्ष त्याला टेबलावर कामाचं नाही.

मग वाचून दाखवायच्या चौकटी. तीन-चार वाक्यांच्या पुढे गेलं की टेबलावर मोबाइल बाहेर येतात. आणि खेळाडूच्या पात्राला काय वाटलं हे लेखकाने सांगायचं नाही. असं नको:

‘तुम्ही धडधडत्या काळजाने गिरणीत पाऊल टाकता. तुमच्या अंगावर सर्रकन काटा येतो. शतकानुशतकांची वेदना त्या भिंतींतून झिरपते आहे असं तुम्हाला जाणवतं…’

एक तर १९२४ साली गिरणीला शतकं झालेली नव्हती; मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकातली. दुसरं म्हणजे बार्बेरियन खेळणारी मुलगी लगेच म्हणणार, ‘माझ्या अंगावर काटा नाही येत.’ त्याऐवजी:

‘फाटकाची कडी तुटलेली आहे. आत ओल्या सुताचा कुबट वास. साचे ओळीने बंद उभे आहेत, वर धूळ. टोकाचा एकच साचा चालू आहे. त्याला पट्टा नाही.’

दुसऱ्या चौकटीत खेळाडूला पुढे करायला काहीतरी आहे. तो साच्याकडे जाईल, धूळ बघेल, पट्टा शोधेल. या तिन्हींची उत्तरं चौकटीच्या खालच्याच परिच्छेदात हवीत, परिशिष्टात नकोत.

तिसरी पायरी: गणित करून बघा, अंदाज नको

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण गोष्ट सुंदर आणि आकडे भंगार अशी मॉड्यूलं हातात पडत असतात.

सुगाव्यापासून सुरुवात करू. साचेखात्यातली लपवलेली खोली सापडली तरच गोष्ट पुढे जाते, आणि तिच्यासाठी डीसी १५ चा इन्व्हेस्टिगेशन चेक ठेवलाय, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर बोनस धरून १५ तरी यायला हवेत. तिसऱ्या लेव्हलच्या सामान्य पात्राचा बोनस धरा +२. त्याला फाशावर १३ किंवा जास्त हवेत, म्हणजे ४० टक्के शक्यता. चौघांनी प्रयत्न केले तरी चौघेही चुकण्याची शक्यता जवळपास १३ टक्के उरते. दर आठ टेबलांमागे एका टेबलाची गोष्ट तिथेच बसणार. म्हणून ज्या माहितीवाचून पुढे जाता येत नाही ती फाशावर टांगू नका. खोली शोधणाऱ्याला सरळ सापडू द्या. चेक ठेवायचाच तर जास्तीच्या फायद्यासाठी ठेवा: १५ आले तर सदाशिवच्या हजेरीवहीचं पानही मिळतं. रहस्याच्या प्रत्येक निष्कर्षाकडे नेणारे तीन तरी सुगावे हवेत, तेही वेगवेगळ्या ठिकाणी. खेळाडू पहिला बघत नाहीत, दुसऱ्याचा भलताच अर्थ लावतात, तिसऱ्यावर काम निभावतं.

आता लढाई. चाळीच्या जिन्यात सहा पिशाच्चं, प्रत्येकाचं सीआर (ताकदीची पायरी) १/२, म्हणजे १०० एक्सपी (अनुभवाचे गुण). एकूण ६००. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत तीन ते सहा शत्रू असले की बेरीज दुप्पट धरायची: १२००. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी ‘कठीण’ची रेघ ९०० वर, ‘प्राणघातक’ची १६०० वर. म्हणजे ही लढाई कठीण. हीच लढाई २०२४ च्या सुधारलेल्या नियमांनी मोजा. तिथे हा गुणाकार काढून टाकलाय. माणशी १५० म्हणजे चौघांचे ६००, आणि ती असते ‘लो’, सगळ्यात खालची पायरी. त्याच जिन्यातली तीच पिशाच्चं, निकाल दोन टोकांचे. म्हणून कुठल्या वर्षाच्या नियमांवर तोलून बघितलंय हे पहिल्या पानावर स्वच्छ लिहा. आणि दोन्हींवर भिस्त न ठेवता लढाई प्रत्यक्ष खेळून बघा. सहा जण एका फेरीत सहा वेळा मारतात, हे कुठल्याही तक्त्यापेक्षा टेबलावर जास्त कळतं.

स्वतःचा स्टॅट ब्लॉक रचलात तर प्रत्येक आकडा कुठून आला ते दाखवता आलं पाहिजे. समजा गिरणीच्या अंगणातला खवीस: आकाराने लार्ज, म्हणून त्याचे हिट डाइस (ज्यांवरून त्याचे हिट पॉइंट ठरतात ते फासे) डी१०, दहा बाजूंचे. कॉन्स्टिट्यूशन १४, म्हणजे +२. सहा डाइस दिले तर ६डी१० + १२, सरासरी ४५. स्ट्रेंग्थ १८ म्हणजे +४. सीआर ३ ला प्रोफिशियन्सी (कसबाचा बोनस) +२. म्हणून फटक्याला +६, इजा २डी८ + ४, सरासरी १३. लार्ज राक्षसाला डी८ चे हिट डाइस दिसले, किंवा +६ च्या जागी +९ दिसला, की अनुभवी डीएम फाइल बंद करतो. +९ मुद्दाम दिला असेल तर का, ते एका ओळीत सांगा. हडळीच्या नजरेचा सेव्ह डीसी (तिच्यापासून वाचायला लागणारा आकडा) असाच: ८, अधिक प्रोफिशियन्सी २, अधिक करिस्माचे ३, झाले १३. पुढच्या पानावर तो १४ होता कामा नये. या विसंगती शोधायला स्प्रेडशीट करा. डोळ्यांना त्या दिसत नाहीत.

शब्दांचंही तेच. टेबलावर आपण ‘सेव्ह मार’, ‘इनिशिएटिव्ह टाक’ असंच म्हणतो, तर छापतानाही तेच देवनागरीत ठेवायला हरकत नाही. मराठी शब्द वापरायचे तर तेही चालतील. पण तिसऱ्या पानावर ‘चपळता’, नवव्यावर ‘डेक्स्टेरिटी’ आणि तक्त्यात ‘डेक्स’ असं झालं की डीएमला वाटतं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथी पायरी: नकाशावर माणसं मावतात का

पाचव्या आवृत्तीत एक चौकोन पाच फुटांचा. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. भागाकार केला की साडेसहा चौकोन सुद्धा होत नाहीत. त्यात चार खेळाडू आणि तीन पिशाच्चं उभी केली की हलायला जागा नाही, आणि विझार्डचा ‘शॅटर’ मंत्र दहा फूट त्रिज्येचा. खोलीतली लढाई ही तलवारबाजी उरतच नाही, ती दारातली ढकलाढकली होते. हे वाईट नाही, उलट मजेदार आहे, पण लेखकाने ते ओळखून लिहिलेलं हवं: दारात एकच जण मावतो, मधल्या पॅसेजमध्ये दोघं शेजारी उभे राहतात, शेजारच्या खोल्यांची दारं उघडतात आणि हातात काठी घेतलेल्या मावशी बाहेर येतात. चाळीत गुपचूप लढाई होत नाही. तळमजला अधिक तीन, प्रत्येक मजल्यावर सामायिक संडास, एक जिना. हे सगळं तुमच्या नकाशावर नसेल तर ती चाळ नव्हे, दगडी डन्जनला दिलेलं मराठी नाव आहे.

नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघा. निम्मे डीएम तेच करणार आहेत. लाल कौलं आणि हिरवी झाडं एकाच करड्या रंगाची झाली तर खुणा बदला. खोल्यांना आकडे द्या आणि मजकुरातल्या शीर्षकांत तेच आकडे ठेवा. खेळाडूंना द्यायची प्रत वेगळी करा, गुप्त दारांशिवाय.

पाचवी पायरी: मुंबई तपासा, देव सांभाळा

ऐतिहासिक मॉड्यूलचा वाचक आजी-आजोबांच्या गोष्टी ऐकलेला असतो, आणि चुका तो फार आनंदाने पकडतो. १९२४ च्या गोष्टीत कुर्ल्याला जाणारी विजेची लोकल आणलीत तर गेलात: बोरीबंदर ते कुर्ला ती पहिल्यांदा धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला. विजेची ट्राम मात्र चालेल, ती १९०७ पासून आहे. मरीन ड्राइव्हवर पाठलाग ठेवता येणार नाही. तिथे तेव्हा भराव चालू आहे, आणि भरावात अडकलेला पाठलाग, खरं तर, जास्त रंगतो. गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं, म्हणजे पावसाळ्यात ते अजून व्हायचंय. लाच द्यायची तर रुपये, आणे, पै यांत: सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. शंभर पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ नंतरचा.

भुतांची गोष्ट जास्त नाजूक. मुंजा, हडळ, खवीस, चकवा ही मंडळी राक्षस म्हणून निर्धास्त वापरा, लहानपणापासून आपल्याला त्यांचीच भीती घातलेली आहे. वेताळापाशी थांबा. सिंधुदुर्गात आरवलीचा वेतोबा हा जागृत देव आहे. त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात. लालबाग-परळमध्ये त्याचे भक्त घरोघरी सापडतील, आणि त्यांच्या देवाला तुम्ही ‘हिट पॉइंट ११०’ लिहून चार जणांकडून मारून घेणार असाल तर त्यांना राग येणं रास्तच आहे. देवचार, राखणदार, म्हसोबा यांचंही असंच. माझा नियम साधा आहे: ज्याला आजही नारळ फुटतो त्याचा स्टॅट ब्लॉक करायचा नाही. तो गोष्टीत येऊ शकतो, कौल देऊ शकतो, वाट अडवू शकतो. त्याच्याशी लढता येत नाही, एवढं लिहायचं.

आणि एखादी आख्खी जात किंवा जमात चोर, नरभक्षक, जादूटोणा करणारी म्हणून रंगवू नका. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो छाप आपण खेळात नव्याने मारायचं कारण नाही. मॉड्यूलमध्ये कोंडून मारणं, लहान मुलाला धोका, जातीय अपमान असं काही असेल तर सुरुवातीलाच दोन ओळींत सांगा, म्हणजे डीएम आपल्या टेबलाला आधी विचारू शकेल.

सहावी पायरी: दुसऱ्याच्या हातात द्या

तुमच्या नेहमीच्या गटात, तुम्हीच डीएम होऊन घेतलेली चाचणी ही चाचणी नव्हे, तालीम आहे. खरी चाचणी अशी: तुम्हाला फारसं न ओळखणारा डीएम शोधा, त्याला छापलेली प्रत द्या, आणि तोंडी काहीही सांगू नका. ‘तिथे ना, असं करायचं बरं का’ हे वाक्य जिभेवर आलं की ते वाक्य मॉड्यूलमध्ये राहिलेलं आहे असं समजा आणि लिहून टाका.

खेळाच्या वेळी तिथे बसायचं तर कोपऱ्यात, तोंड मिटून, वही घेऊन. टिपायचं काय? डीएम ‘एक मिनिट हं, बघतो’ म्हणाला ती जागा. पान मागे-पुढे उलटलं ती जागा. खेळाडूंनी विचारलेला आणि उत्तर नसलेला प्रश्न: ‘भोंगा वाफेवर चालतो ना, मग बॉयलर कोण पेटवतंय?’ असल्या एका प्रश्नाने मॉड्यूलची अख्खी मधली बाजू कोसळते किंवा उजळते. बॉयलरखान्याचं एक पान वाढवा. हसू कुठे आलं, कंटाळा कुठे आला हेही टिपा, पण ‘आवडलं का?’ असं विचारू नका. ‘हो, मस्त’ यापलीकडे मुंबईत कुणी तोंडावर बोलत नाही. त्याऐवजी डीएमला विचारा, पुन्हा चालवलंस तर काय गाळशील? तो पटकन उत्तर देतो, आणि तेच गाळायचं असतं.

वेळ घड्याळ लावून मोजा. चार तासांचं म्हणून छापलं आणि साडेपाच लागले, तर बदलापूरच्या खेळाडूची शेवटची गाडी जाते आणि शेवटची लढाई ‘पुढच्या वेळी’वर जाते. ती पुढची वेळ कधी येत नाही. वेळ कमी पडली तर कुठला प्रसंग वगळायचा हे मॉड्यूलमध्येच लिहिलेलं असलं तर डीएम तुम्हाला दुवा देईल. असा प्रयोग दोन वेगळ्या गटांबरोबर झाला की मगच मांडणीला हात घाला. मांडणी झाल्यावर मजकूर कापायला जीव होत नाही.

चाचणीतल्या सगळ्यांची नावं, त्यांची परवानगी घेऊन, श्रेयपानावर.

सातवी पायरी: अक्षर आणि पान

मुद्रितशोधन दुसऱ्याकडून. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम आहेतच. ‘केलं’ लिहायचं की ‘केले’, ते तुम्ही ठरवा, फक्त शेवटपर्यंत एकच ठेवा.

फॉन्ट युनिकोडच हवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप केलेली फाइल मोबाइलवर कचरा दिसते. मुक्त परवान्याचे चांगले फॉन्ट आहेत: मुंबईच्याच एक टाइपचे मुक्ता आणि बलू, गूगलचे नोटो, टायरो देवनागरी मराठी. मजकुरासाठी बलू नको, तो शीर्षकाला शोभतो. निवडलेल्या फॉन्टमध्ये ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’, ‘अ‍ॅसिड’ हे शब्द टाइप करून बघा. ‘ऱ्य’ फुटला तर फॉन्ट बदला. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर लावल्याशिवाय वेलांट्या जागेवर बसत नाहीत. स्क्रायबस आणि लिबरऑफिस फुकट आहेत आणि देवनागरी नीट सांभाळतात.

पीडीएफ झाली की तिच्यात ‘किल्ली’ शोधा. सापडत नसेल तर खेळाच्या मध्यात डीएमलाही सापडणार नाही. फाइल वेगळ्या पद्धतीने निर्यात करून पुन्हा बघा. बुकमार्क घाला. पार्श्वभूमीला जुनाट कागदाचा पोत लावायचा मोह सगळ्यांना होतो. लावलात तर बिनपोताची, छापायला सोयीची दुसरी प्रतही द्या. एक प्रसंग शक्यतो समोरासमोरच्या दोन पानांत बसवा, आणि स्टॅट ब्लॉक त्या प्रसंगाशेजारीच.

चित्रं इंटरनेटवरून उचलू नका, एवढं वेगळं सांगायला नको. चित्रकाराशी मात्र लेखी ठरवा. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जगभर दिसणाऱ्या दुकानात पीडीएफ ठेवणार असाल तर ‘जगभर’ आणि किती वर्षं, हे दोन्ही त्या कागदावर हवंच. एआयची चित्रं वापरली असतील तर दुकानाचे त्याबद्दलचे नियम वाचा आणि तसं जाहीर करा.

छपाई आणि नंतर

छापील प्रत लागतेच असं नाही. काढायची तर ए५ आकार, सेंटर पिन, आणि पानं चारच्या पटीत. ब्लीड (कडेने कापायला सोडलेली जास्तीची छपाई) तीन मिलिमीटर, चित्रं ३०० डीपीआय, रंग सीएमवायके (छपाईचे चार रंग). थोड्या प्रती असतील तर डिजिटल. ऑफसेटच्या प्लेटचा खर्च मोठ्या संख्येलाच परवडतो. फोर्टात, गिरगावात, लोअर परळच्या गाळ्यांत छापणारे भरपूर आहेत. आधी एक डमी काढून मागा आणि ती घेऊन खेळायला बसा: टेबलावर सपाट उघडी राहते का, नकाशा घडीत जातो का, गडद पानांवर काळी अक्षरं वाचता येतात का. पावसाळ्यात छापणार असाल तर एका बाजूने लॅमिनेशन केलेलं पातळ मुखपृष्ठ दमट हवेत हमखास वळतं. जाड कागद घ्या.

आयएसबीएन हवा असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून तो मोफत मिळतो, स्वतः छापणाऱ्या लेखकालाही. आणि छापील पुस्तकाचे प्रकाशक तुम्ही असता, म्हणून १९५४ च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यात नेमलेल्या इतर ग्रंथालयांना पाठवायची. त्यांतलं एक मुंबईतच आहे.

दुकानातल्या वर्णनात मोघम विशेषणं नकोत. किती पानं, कितव्या लेव्हलसाठी, किती तास, कुठल्या वर्षाचे नियम, भाषा मराठी, सोबत काय काय. पहिली चार-पाच पानं फुकट बघायला ठेवा, आणि त्यांत एक तरी पान प्रत्यक्ष खेळाचं असू द्या, नुसती अर्पणपत्रिका नको.

फाइलच्या नावात आवृत्तीचा आकडा घाला. चुका कळतीलच: कुणीतरी लिहील की अकराव्या पानावरच्या हडळीचा डीसी १४ आहे आणि तक्त्यात १३. दुरुस्त करून १.१ चढवा, काय बदललं ते शेवटच्या पानावर तारखेसह लिहा, आणि ज्यांच्याकडे छापील प्रत आहे त्यांच्यासाठी दुरुस्त्यांचं एक पान वेगळं, फुकट उतरवून घेता येईल असं ठेवा.